आत्या आणि गोळ्या मारणारे साहेब

गोवंडीची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली तेव्हा आत्या आमच्याकडे मुलुंडला राहायला आली. माझ्या खोलीत. बाबांनी मला विचारलं वगैरे नाही. मोठी बहीण आहे, नवऱ्याला जाऊन जमाना झाला, मूलबाळ नाही, मग ती भाड्याच्या घरात एकटी कशाला राहील, एवढं त्यांचं सरळ होतं. मीही काही बोलले नाही. पण खोलीत तिचं लोखंडी कपाट आलं, माझ्या कुंड्या ग्रिलच्या एका कोपऱ्यात दाटीवाटीने गेल्या, आणि ज्या टेबलावर मी ऑफिसचं काम करायचे त्याच्या अर्ध्या भागावर औषधांचा डबा, चष्म्याची दोन घरं आणि एक अवाढव्य रेडिओ मांडला गेला, तेव्हा मनातल्या मनात मी बरंच बोलले.

आत्या एका सरकारी कार्यालयात टायपिस्ट होती. तिचे मिस्टर तिथेच शिपाई होते. ते अचानक गेले आणि त्यांच्या जागी तिला घेतलं, आधी शिपाई म्हणूनच. मग तिने टायपिंगचा क्लास लावला, परीक्षा दिली आणि मशीनवर बसली, ती रिटायर होईपर्यंत उठली नाही. मधे मशीन गेलं, कॉम्प्युटर आला, पण तिचा हात जड तो जडच राहिला. मोबाइलवर 'बरं' एवढा मेसेज लिहायचा तरी ती खिळा ठोकल्यासारखा लिहायची.

मी अंधेरीला एका विमा कंपनीत क्लेम तपासायचं काम करते. आठवड्यातले काही दिवस घरून. ऑफिसचा लॅपटॉप मिटला की मी माझा उघडायचे आणि तासभर गेम खेळायचे. कॉलेजपासूनची सवय. त्या वेळी जो गेम चालू होता त्यात बंदूक घेऊन गल्लीबोळातून फिरायचं आणि दिसेल त्याला उडवायचं. आत्या आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"त्या माणसाला काय झालं?"

"मेला."

"कोणी मारला?"

"मी."

आम्ही बौद्ध. आत्या रोज सकाळी आंघोळ झाली की वंदना म्हणते, पंचशील घेते, आणि त्यातलं पहिलंच शील जीव न मारण्याचं. आम्ही बाकीचे ते म्हणतो आणि कामाला लागतो. आत्या ते दिवसभर पाळते. झुरळसुद्धा ती सुपलीत घेऊन गॅलरीतून सोडायची, आणि त्यावरून खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन भांडून गेल्या होत्या.

"सकाळी शील घ्यायचं आणि संध्याकाळी माणसं टिपायची?" आत्या म्हणाली.

"खोटी आहेत गं ती."

"माणसं खोटी असतील. मारायचा सराव तर खरा आहे ना?"

बाहेरून टीव्हीसमोर बसलेले बाबा ओरडले, "ताई म्हणते तर राहू दे ना!" झालं. माझ्याच खोलीत माझ्या गेमवर बंदी आली.

ऑफिसात माझ्या शेजारी एक जण बसतो. जोगेश्वरीचा, घरचे मालवणकडचे. त्याला हे सांगितलं तर तो इतका हसला की कँटीनमधले लोक वळून बघायला लागले. त्याला चिडवायचं असलं की तो मालवणीत शिरतो. "मगे असो गेम घे मा, जेच्यात बंदूकच नाय," म्हणाला. मला वाटलं गंमत करतोय. पण असा गेम खरंच होता. दुसऱ्या दिवशी त्याने आणून दिला.

जपानमधल्या कोणीतरी बनवलेला, जुना, साधा गेम. त्यात एक उडणारी मुलगी असते आणि तिच्याकडे फक्त कॅमेरा असतो. प्रत्येक टप्प्यात समोर एकच जण, त्या टप्प्याचा बॉस. तो गोळ्या सोडतो. एकदोन नाही, पडदा भरून. कधी फुलासारख्या उमलत येतात, कधी चक्रासारख्या फिरत. एक जरी लागली तरी खेळ खलास, टप्पा पुन्हा पहिल्यापासून. मुलीने त्या गोळ्यांमधून वाट काढत बॉसचा फोटो काढायचा. फोटो काढला की चौकटीत सापडलेल्या गोळ्या नाहीशा होतात, पण लगेच दुसरा काढता येत नाही, कॅमेरा तयार व्हायला वेळ घेतो. ठरलेले फोटो निघाले की टप्पा पार. आणि जितकं जवळ जाऊन काढाल तितके गुण जास्त.

मी तो लावला तेव्हा आत्या खुर्ची ओढून तपासणीला बसली.

"बंदूक कुठंय?"

"नाहीये."

"मग गोळ्या कोण मारतंय?"

"तो वरचा. बॉस."

"बॉस म्हणजे? साहेब?"

"म्हणजे... हो. साहेबच."

ती पुढे वाकून बघायला लागली. "साहेब गोळ्या मारतोय. आणि ही पोरगी त्याला काहीच करत नाही? नुसता फोटो काढते?"

"हो."

"पण तो मारतोय कशासाठी? काय केलंय तिने?"

मी इतकी वर्षं गेम खेळते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. "ते नाही सांगितलेलं गेममध्ये."

"नसेलच," आत्या म्हणाली. "साहेब कुठे सांगतात." आणि खुर्ची मागे घेत तिने निकाल दिला, "हा चालेल. खेळ."

मला वाटलं विषय संपला. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती लसणाची ताटली घेऊन माझ्या मागे पलंगावर येऊन बसली. तिसऱ्या दिवशी मेथीची जुडी. मग रोजच. मी खेळायचे आणि ती मागून बघायची. बघायची म्हणजे गप्प नाही. "खाली ये, खाली ये... अगं बाई, गेली!" मी आउट झाले की ती माझ्यापेक्षा मोठ्याने हळहळायची. एकदा आई धावत आली, तिला वाटलं खरंच कोणाचं काही झालं.

त्या बॉसना जपानी नावं होती, ती आत्याला उच्चारता येत नव्हती. मलाही नाही. मग तिने आपली नावं ठेवली. पहिला बॉस एकेक मोठी गोळी सोडायचा, दाणकन, मग थांबायचा, मग परत दाणकन. आत्या म्हणाली, "हे पेपरवेटवाले साहेब." तिच्या कार्यालयात एक साहेब होते, त्यांना राग आला की बोलायचे नाहीत, फक्त पेपरवेट उचलून टेबलावर आपटायचे. बाहेर बसलेल्या लोकांना आवाज मोजून कळायचं आज किती चिडलेत. रिटायर होईपर्यंत त्या टेबलाची काच तीनदा बदलावी लागली म्हणे.

दुसऱ्याच्या गोळ्या बारीक, टिंबाएवढ्या, आणि वरून सरसर पडणाऱ्या. "हे अनुस्वारवाले," आत्या लगेच म्हणाली. या साहेबांना पत्रात काय लिहिलंय याच्याशी घेणंदेणं नसायचं, ते फक्त राहिलेले अनुस्वार शोधायचे. लाल पेनाने टिंबं देत सुटायचे. "गावकऱ्यांना पाणी नाही म्हणून पत्र यायचं, त्याचं उत्तर आम्ही चार-चारदा टाइप करायचो. अनुस्वार एकदम बरोबर. पाणी काही गेलं नाही." ती हसत हसत सांगायची आणि मधेच ओरडायची, "टिंब! टिंब आलं बघ डोक्यावर!"

मला मजा यायला लागली होती. आत्या नोकरी करत होती हे मला माहीत होतं, पण ऑफिसात ती कशी होती, कोणाला काय बोलायची, हे मला कधी कळलं नव्हतं. आमच्याकडे ती यायची ती सणाला नाहीतर कोणी आजारी पडलं तर. आता एकेक बॉस पुढे सरकला की एकेक साहेब बाहेर यायचा.

तिसरा बॉस पडद्याच्या मधोमध बसायचा आणि त्याच्याभोवती गोळ्यांचं एक घट्ट कडं फिरत राहायचं. त्यातून तो बाहेर गोळ्या फेकायचा. लांबून फोटो काढले तर ते मोजलेच जायचे नाहीत. कड्याच्या आत शिरायलाच लागायचं. मी बरेच दिवस तिथे अडकले. आत्याने याला बराच वेळ नाव ठेवलं नाही. मग एका संध्याकाळी गवार मोडता मोडता म्हणाली, "हे पेल्यावाले साहेब."

"पेल्यावाले म्हणजे?"

"मी डिक्टेशन घ्यायला केबिनमध्ये गेले की हे टेबलावरचा पाण्याचा पेला उचलून कपाटात ठेवायचे. मी बाहेर पडले की परत टेबलावर."

माझा हात थांबला. "दर वेळी?"

"दर वेळी. डिक्टेशन देताना शब्द विसरायचे, पण पेला नाही विसरले कधी."

"तू काही बोलली नाहीस?"

"बोलले ना. एकदा विचारलं, साहेब, पेला गळतोय का?"

"मग?"

"मग काय. महिनाभर सुटायच्या वेळेला काम द्यायचे रोज."

कुठल्या स्टॉपवर उतरायचं ते सांगावं तसं तिने हे सांगितलं. मी पडद्याकडे बघत होते पण काही दिसत नव्हतं. गोळी लागली, आउट झाले. मागून ताटली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"सरक," आत्या म्हणाली. "मला दे."

असा तिचा खेळ सुरू झाला. पहिले कित्येक दिवस तो सुरू झाला की संपायचा. तिचा चष्मा दुहेरी भिंगांचा, त्यामुळे वरचा साहेब बघायला मान खाली आणि खालची पोरगी बघायला मान वर, असं चालायचं. पोरगी डावीकडे गेली की आत्याही डावीकडे कलायची. "ताई, खुर्चीवरून पडाल," आई सांगून थकली. माझ्या लॅपटॉपचं एक बाणाचं बटण तिने पहिल्या आठवड्यातच उखडलं. मग मी तिला वेगळा कीबोर्ड आणून दिला, जाडजूड, खाटखाट वाजणारा. तो तिला फार आवडला. फोटोसाठी मी खालची लांब पट्टी ठरवून दिली होती, कारण टायपिस्टचा अंगठा तिथे आपोआप जातो. फोटो काढला की ती ती पट्टी अशी हाणायची की टेबलावरचा औषधांचा डबा उडायचा.

मी ऑफिसला गेले की दुपारी ती एकटी खेळायची. एकदा बाबा लवकर घरी आले आणि त्यांनी मला फोन केला. "अगं, ताई कॉम्प्युटरवर बसून कोणाला तरी शिव्या देतेय." मी म्हटलं, "दे म्हणावं."

एका रविवारी दुपारी, जेवणं झालेली, बाबा आडवे झालेले, आणि आमच्या खोलीतून आत्याची किंकाळी आली. मी स्वयंपाकघरातून धावले. पडद्यावर तिची पोरगी पेल्यावाल्या साहेबांच्या कड्याच्या आत होती. कडं फिरताना क्षणभर एक फट पडते, तिथून ती घुसली होती. आणि आत एकही गोळी नव्हती. सगळी मारामारी कड्याच्या बाहेर.

"आत काहीच नाही गं!" आत्या ओरडत होती. "बघ ना, आत काही नाहीच आहे!"

तिने तिथेच, त्याच्या नाकासमोर उभं राहून, एकामागून एक सगळे फोटो काढले. कॅमेरा तयार व्हायची वाट बघायची आणि पट्टी हाणायची. टप्पा पार झाला. आई, मी, झोपेतून उठलेले बाबा, आम्ही तिघं तिच्या मागे उभे. बाबांना पेल्याची गोष्ट मी आधीच सांगितली होती. ते संध्याकाळी खाली जाऊन तिच्या आवडीची बासुंदी घेऊन आले. गेममध्ये खेळलेलं जपून ठेवता येतं. मी त्या खेळाचा व्हिडिओ मोबाइलवर घेऊन ठेवला.

मग आल्या मॅडम.

म्हणजे चौथी बॉस. ती बाई होती आणि तिच्या गोळ्या नेम धरून यायच्या. जिथे जाल तिथे मागोमाग, पंख्याच्या पात्यांसारख्या पसरत. जितकं पळावं तितकं कोंडीत सापडायचं. आत्याने पाहताक्षणी नाव ठेवलं, आणि या वेळी नुसतं "मॅडम." पुढेमागे काही नाही.

बरेच दिवस मॅडमनी तिला एकही फोटो काढू दिला नाही. एकदा खेळता खेळता आत्याचा चष्मा नाकावरून घसरला. तिने सवयीने दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून तो सारखा केला. मी म्हटलं, आता गेली. पण गोळ्या तिच्या पोरीच्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या. एकही लागली नाही. आत्याने हात तसेच चष्म्यावर ठेवले. परत गोळ्या आल्या, परत दोन्हीकडून गेल्या. न हलता समोर उभं राहिलं की त्या लागतच नव्हत्या.

"फोटो काढ!" मी म्हटलं.

"थांब गं."

"अगं, काढ ना, कॅमेरा तयार आहे!"

ती काढेना. पडद्याकडे बघत बसली होती. मग पुढे कधीतरी तिच्याच कोपराने बाणाचं बटण दाबलं गेलं, पोरगी हलली आणि संपली. आत्याला त्याचं काहीच वाटलं नाही.

"मॅडमचा एकही फोटो नाही माझ्याकडे," ती म्हणाली.

मग मॅडमची गोष्ट आली. मॅडम कोकणातल्या, हुशार, तोंडाने फटकळ. बदली होऊन आल्या त्या पहिल्याच दिवशी दुपारी टायपिंगच्या खोलीत आल्या, म्हणाल्या, माझा डबा घरी राहिलाय, तुझ्यात काय आहे? आणि उत्तराची वाट न बघता आत्याच्या डब्यातली भाकरी मोडून घेतली. ठेच्याने डोळ्यांतून पाणी आलं तर आत्याच्याच बाटलीतून पाणी प्यायल्या. "आणि त्याच दिवशी संध्याकाळी माझी चार पत्रं परत केली," आत्या म्हणाली. "म्हणाल्या, भाकरी चांगली करतेस, मसुदा टाकाऊ." पुढची कित्येक वर्षं असंच. रोज बोलणी, रोज परत टायपिंग. पण आत्याला वरिष्ठ टायपिस्टच्या परीक्षेला बसायला लावलं ते मॅडमनी, आणि सुट्टी अडवणाऱ्या माणसाला केबिनमध्ये बोलावून सगळ्यांसमोर झाडलं तेही मॅडमनीच.

त्या रिटायर झाल्या त्या दिवशी सगळ्या स्टाफचा फोटो काढला. आत्या आत बसून मानपत्र टाइप करत होती, कारण कोणालातरी शेवटच्या क्षणी त्यात दोन ओळी वाढवायच्या होत्या. ती बाहेर आली तोवर फोटोवाला सामान आवरत होता.

"कुठे असतात त्या आता?"

"गोरेगावला म्हणतात. असतील-नसतील."

"जाऊया आपण."

"काहीतरीच काय. त्यांना आठवणार पण नाही."

हे पुढे दीड-दोन महिने चाललं. रोज मॅडमच्या टप्प्यावर जायचं, समोर उभं राहायचं, फोटो न काढता परत यायचं, आणि मग मॅडमच्या गोष्टी. शेवटी आईच वैतागली. "ताई, एकदा जाऊन या बाई. आता मला पण त्या बाईंची स्वप्नं पडायला लागलीत." एका जुन्या मैत्रिणीकडून पत्ता मिळाला. आत्याने फोन केला नाही, म्हणाली, फोनवर नाही म्हणतील. मी सुट्टी घेतली, बुधवार होता. पवईपर्यंत एक बस, तिथून आरे कॉलनीतून जाणारी दुसरी. आत्याने इस्त्रीची साडी नेसली होती आणि मांडीवर फडक्यात बांधलेला भाकरीचा डबा. आरेतल्या रस्त्यावर गोठ्यांचा वास आला तशी तिने नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "परत जाऊया का?"

"आता गप्प बस," मी म्हटलं.

दार मॅडमनीच उघडलं, वॉकर धरून. बारीक, पाठीत वाकलेल्या, पण नजर अशी की मीसुद्धा ओढणी सारखी केली. त्यांनी आत्याकडे बराच वेळ बघितलं. आत्या स्वतःचं नाव सांगायला लागली तर हाताने थांबवलं.

"थांब. नाव नको सांगूस. तू ती... ती धाडधाड टाइप करणारी. माझं डोकं उठायचं तुझ्यामुळे."

आत्याचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "हो मॅडम. मीच."

"मग दारात काय उभी? ये आत."

चहा झाला. मॅडमनी डबा उघडून बघितला, भाकरी मोडून खाल्ली आणि सांगितलं, मीठ कमी आहे. मग आत्याने, शाळेतल्या मुलीसारखी, फोटोचं विचारलं.

"फोटो? आज नाही. केस बघ माझे. पुढच्या बुधवारी ये." मग जरा वेळाने, "रिटायर होऊन काय करतेस दिवसभर?"

आत्या माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "गेम खेळते."

"पत्ते?"

मी मोबाइल काढला आणि आमच्या गेममधल्या मॅडमच्या टप्प्याचा घेतलेला व्हिडिओ दाखवला. आत्या मला कोपराने ढोसत होती, पण मी आधीच बोलून गेले होते, "ही आत्याची मॅडम. म्हणजे तुम्ही."

मॅडमनी चष्मा लावला, मोबाइल हातात घेतला. पडदाभर गोळ्या. त्यांनी शांतपणे सगळं बघितलं.

"मी इतक्या मारायचे?"

आत्या खाली बघून म्हणाली, "हो मॅडम."

"लागायच्या?"

"सुरुवातीला लागायच्या. मग कळलं, पळायचं नाही. समोर उभं राहिलं की बाजूने जातात."

मॅडमनी फरसाणची बशी आत्याकडे सरकवली. मग त्यांनी विचारलं, "आणि ते माझ्या आधीचे? कपाटात पेला ठेवायचे ते?"

आत्याने मान वर केली. "तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं. ते आहेत का ह्यात?"

"आहेत."

"दाखव."

मी रविवार दुपारचा तो खेळ लावला. कडं फिरत होतं, आत्याची पोरगी फटीतून घुसली, आत गेली, आणि थेट त्याच्या तोंडासमोर उभं राहून फोटोमागून फोटो. मॅडमनी तो एकदा बघितला. मग म्हणाल्या, परत लाव. दुसऱ्यांदा बघून त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि आत्याच्या गुडघ्यावर एक चापट मारली.

"झकास," म्हणाल्या. मॅडमच्या तोंडून या शब्दाची मी अपेक्षा केली नव्हती. आत्यानेही नाही. परत येताना बसमध्ये ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि मधेच एकदा स्वतःशीच हळू आवाजात म्हणाली, "झकास."

पुढच्या बुधवारी ती एकटीच गेली. मॅडमनी केस काळे करून घेतले होते, गळ्यात मोत्यांचा सर. बिल्डिंगच्या वॉचमनला वर बोलावून त्याच्याकडून फोटो काढून घेतला. मॅडम वॉचमनला मोबाइल कसा धरायचा ते सांगत होत्या, नेमका तेव्हाच त्याने बटण दाबलं. त्यामुळे फोटोत मॅडमचे डोळे मिटलेले, तोंड उघडं आणि एक बोट वर. शेजारी आत्या एकदम ताठ, सरकारी ओळखपत्रावर असते तशी. दुसरा फोटो काढायला मॅडमनी नकार दिला. चहा गार होत होता.

मुलुंडच्या स्टुडिओवाल्याने फोटो मोठा करून देताना विचारलं, कॉम्प्युटरवर डोळे उघडे करून देऊ का, तोंड पण मिटवता येईल. आत्याने ठणकावून नको म्हटलं.

गोवंडीची नवी बिल्डिंग ठरल्यापेक्षा उशिरा का होईना, झाली. आत्या गेल्या वर्षी परत गेली. माझी खोली मला मिळाली, कपाटाच्या जागी भिंत मोकळी मोकळी वाटते म्हणून मी तिथे झाडांची मांडणी केली. जुना लॅपटॉप आणि खाटखाट कीबोर्ड तिला देऊन टाकला. ती अजून खेळते, पुढे सहाव्या-सातव्या बॉसपर्यंत पोचलीय, पण हल्ली सांगते की तिचे खरे साहेब संपले, आता या नव्यांना काय म्हणायचं कळत नाही. बुधवारी मात्र ती खेळत नाही. त्या दिवशी गोरेगाव. मॅडम तिला सोसायटीच्या तक्रारी टाइप करायला देतात. पाणी कमी दाबाने येतं, लिफ्ट मधेच थांबते, असल्या. आणि परत टाइप करायला लावतात.

नव्या घरात तो फोटो बाहेरच्या खोलीत, दार उघडलं की समोर. परवा मॅडम पहिल्यांदा गोवंडीला आल्या, टॅक्सी करून. लिफ्टमधून बाहेर पडल्या, दारात उभ्या राहिल्या आणि सगळ्यात आधी भिंतीकडे बोट करून म्हणाल्या, "हा आधी काढ तिथून. मी काय अशी दिसते?"

मी तिथेच होते. आत्या पाणी आणायला आत गेली होती. ती पेला घेऊन बाहेर आली, मॅडमच्या हातात दिला आणि म्हणाली, "नाही काढणार मॅडम."

मॅडमनी तिच्याकडे बघितलं, पाणी प्यायल्या आणि सोफ्यावर बसून खिडकीच्या पडद्यांच्या रंगाबद्दल बोलायला लागल्या. फोटो आहे तिथेच आहे.